रानाची राखण

दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोंच आमच्या शिरूर कासारच्या आसपासच्या खेड्यांत एक वेगळीच लगबग सुरू होते. ट्रक आणि ट्रॅक्टर वेशीपाशीं येऊन उभे राहतात. पोतीं, पातेलीं, सरपण, एखादी शेळी आणि लहान मुलें यांसह माणसें त्यांत चढतात आणि ऊस तोडण्यासाठीं पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघून जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते. नवराबायकोच्या जोडीस तिकडे 'कोयता' म्हणतात. माणसांची गणती हत्यारानें करण्याची ही रीत परक्यास चमत्कारिक वाटेल. आमच्या कानांस ती आतां खटकतहि नाहीं.

मी शाळामास्तर असतांना दिवाळीच्या सुटीनंतरची हजेरी घेणें मला नेहमींच जड जाई. वर्ग निम्माशिम्मा रिकामा असे. एकदां भूगोलाच्या तासाला मीं विचारलें, "आपल्या तालुक्यांतलें मुख्य पीक कोणतें?" बाजरी, कापूस, तूर असें कांहीं उत्तर मला हवें होतें. पाडव्यानंतर नुकताच परत आलेला एक मुलगा चटकन् उठून म्हणाला, "ऊस, गुरुजी." वर्ग हंसला. मला हंसूं आलें नाहीं. त्याच्या आयुष्याचें अर्धें वर्ष ज्या पिकांत जात होतें, तेंच त्यानें सांगितलें होतें.

ज्या खेड्यांतून हीं माणसें जातात, त्यांच्या उशाशीं बालाघाटाचे डोंगर आहेत. त्याच रांगांतून सिंदफणा नदी निघते, शिरूरवरून वाहत माजलगांवच्या धरणांत येते व पुढें गोदावरीस मिळते. हे डोंगर पावसाळ्यांत हिरवे दिसतात. एरवीं काळा खडक आणि पिवळीं कुसळें. बीड हा महाराष्ट्रांतील अगदीं थोडें वन असलेल्या जिल्ह्यांपैकीं एक आहे. उघडा डोंगर पाणी धरीत नाहीं. पाणी नाहीं म्हणून गुराला चारा नाहीं व माणसाला काम नाहीं. आणि काम नाहीं म्हणून माणूस कोयता हातीं घेतो. ही सांखळी उलटी फिरवतां येईल काय? डोंगर झाडांनीं झांकला जावा आणि त्याच डोंगरानें पायथ्याच्या माणसांस पोसावें, असें घडूं शकेल काय? हा प्रश्न नवा नाहीं. गेलीं दीडशें वर्षें तो महाराष्ट्रांत विचारला जात आहे, आणि त्याचीं कांहीं उत्तरेंहि याच महाराष्ट्रांत सांपडलीं आहेत. आज तीच हकीकत श्रोत्यांपुढें मांडावयाची आहे.

आपल्याकडे एक म्हण आहे : 'तळें राखील तो पाणी चाखील.' ही म्हण आपण बहुधा थोड्या कुत्सितपणानें वापरतों. कोठीवाल्यानें मूठभर धान्य घरीं नेलें कीं आपल्याला ती आठवते. परंतु तिच्या पोटीं एक गंभीर न्यायहि आहे. ज्याला पाणी चाखावयास मिळत नाहीं, तो तळें कशासाठीं राखील? आणि ज्याच्यावर राखण्याची जबाबदारी नाहीं, तो चाखतांना हात कां आंखडील? राखणें आणि चाखणें हीं दोन कामें एकाच हातीं असलीं, तरच तळें टिकतें. रानाच्या इतिहासाला ही म्हण लावून पाहिली, म्हणजे पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

इंग्रजी अंमलापूर्वीं गांवाभोंवतींचें रान सर्वस्वीं मोकळें होतें असें नाहीं. गुरांसाठीं गायरान असे, गवतासाठीं कुरण असे, आणि पुष्कळ ठिकाणीं देवाच्या नांवानें राखलेली देवराई असे, जिच्यांतील काटकीहि कोणी उचलीत नसे. नांगरासाठीं सुतारानें लांकूड कोठून आणावें, कोणत्या महिन्यांत गुरें कोठें चारावीं, याविषयीं वहिवाट असे. राज्यकर्त्यांसहि या गोष्टीचें भान होतें. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारासाठीं सागाचें लांकूड लागेल तें परवानगीनें तोडून न्यावें, परंतु रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेल्या आंबा-फणसादि झाडांस बळजबरीनें हात लावूं नये, असा स्पष्ट दंडक घालून दिलेला आहे. तो काळ सत्ययुगाचा होता असें मात्र कोणी समजूं नये. माणसें थोडीं होतीं, रान अफाट होतें, आणि नवी जमीन लागवडीस आणण्यासाठीं रान तोडणें हें सुद्धां त्या काळीं पुण्यच मानलें जाई. पण जें राखावयाचें, तें कोणीं व कोणासाठीं राखावयाचें, हें गांवाला ठाऊक होतें.

एकोणिसाव्या शतकांत ही घडी मोडली. १८४७ सालीं मुंबई इलाख्यांत डॉ. गिब्सन यांची जंगलरक्षक म्हणून नेमणूक झाली. १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें आगगाडी धांवली, आणि रुळांखालच्या लांकडी पाट्यांसाठीं व इंजिनाच्या जळणासाठीं डोंगरामागून डोंगर तासले जाऊं लागले. हें असेंच चाललें तर लांकूड उरणार नाहीं, या धास्तीनें सरकारनें १८६४ सालीं ब्रँडिस नांवाच्या जर्मन तज्ज्ञास हिंदुस्थानच्या जंगलखात्याचा मुख्य अधिकारी नेमलें. १८६५ चा पहिला कायदा अपुरा वाटल्यावर १८७८ चा कायदा आला. त्यानें जंगलाचे तीन वर्ग केले : राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. पहिल्यांत गांवकऱ्यांस जवळजवळ मज्जाव. दुसऱ्यांत सरकार देईल तेवढी सवलत. आणि तिसरा वर्ग गांवाच्या ताब्यांत द्यावयाचा. ब्रँडिससाहेबांचें स्वतःचें मत गांवांस त्यांचीं वनें द्यावीं असें होतें. परंतु संपूर्ण सरकारी मालकीचा आग्रह धरणारा बेडन-पॉवेल यांचा पक्ष प्रबळ ठरला. १९२७ च्या कायद्यांतहि ग्रामवनाचें कलम तसेंच राहिलें. मात्र तें बहुतांशीं कागदावरच राहिलें. राखीव जंगल मात्र वाढत गेलें.

याचा परिणाम रयतेवर काय झाला, हें महात्मा फुले यांनीं १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत परखडपणें सांगितलें आहे. ज्या गायरानांवर व डोंगरांवर गरीब शेतकऱ्याच्या शेळ्यामेंढ्या जगत, तीं जंगलखात्यानें घशांत घातल्यामुळें तो उघडा पडला, ही त्यांची तक्रार होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेनेंहि या कायद्यास विरोध केला. लोकांस विश्वासांत घेऊन, त्यांना लाभ देऊन वनें राखतां येतील, असा तिचा युक्तिवाद होता. ठाणें जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला कीं १८८५ सालीं मुंबई सरकारला त्याच्या चौकशीसाठीं एक कमिशन नेमावें लागलें.

हा असंतोष १९३० सालीं उघड झाला. गांधीजींनीं दांडीस मीठ उचललें. परंतु वऱ्हाडाला किंवा देशावरच्या खेड्यांना समुद्र कोठून आणावा? तेव्हां तेथील पुढाऱ्यांनीं मिठाच्या कायद्याऐवजीं जंगलचा कायदा निवडला, यांत त्यांची लोकपरीक्षा दिसून येते. लोकनायक बापूजी अणे यांनीं १० जुलै १९३० रोजीं पुसद येथें राखीव कुरणांतील गवत कापून कायदेभंग केला. सातारा जिल्ह्यांत तेव्हां मोडणाऱ्या बिळाशीस खेडुतांनीं सत्याग्रह मांडला. कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांतील चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजीं गोळीबार होऊन सत्याग्रही धारातीर्थीं पडले. पेंढीभर गवतासाठीं माणसें मरावयास कां सिद्ध झालीं? तें गवत परकें झालें होतें, आणि तें परकें झाल्याचें दुःख गुरांच्या दाव्यापर्यंत पोंचलें होतें, म्हणून.

आमचा मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामांत स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालीं जो लढा झाला, त्यांत करोडगिरीचीं नाकीं उद्ध्वस्त करणें व शिंदीचीं झाडें तोडणें हे कार्यक्रमच होते. कारण शिंदीच्या उत्पन्नावर सरकारी खजिना भरत असे. लढा न्याय्य होता याविषयीं शंका नाहीं. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट मनाला लागून राहते. ज्या झाडाचा उपभोग सरकारचा, तें झाड लोकांच्या डोळ्यांना झाड म्हणून दिसेनासें होतें; तें सरकारचा शिपाई दिसूं लागतें, आणि राजावरचा राग झाडावर निघतो.

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. सत्ता आपली झाली, तरी रानाविषयींची दृष्टि लगेच बदलली नाहीं. १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीनें देशाच्या एक तृतीयांश भूमीवर वन असावें असें ध्येय ठरविलें. पण एखादें गांव वनाला लागून वसलें आहे एवढ्यावरून राष्ट्राच्या हिताआड त्याचा हक्क येऊं नये, अशीच तिची धारणा होती. पुढें १९७० नंतर बंगालमधील आराबारी येथें अजितकुमार बॅनर्जी या वनाधिकाऱ्यानें एक प्रयोग केला : गांवकऱ्यांनीं सालवन राखावें आणि उत्पन्नांत त्यांना वांटा मिळावा. उजाड झालेलें वन पुन्हां उभें राहिलें. १९८८ च्या नव्या वननीतीनें वनाजवळच्या लोकांच्या गरजांस अग्रस्थान दिलें. १९९० सालीं केंद्रसरकारनें व १९९२ सालीं महाराष्ट्रसरकारनें संयुक्त वनव्यवस्थापनाचे निर्णय काढले. चाखण्याचा वांटा मान्य झाला. परंतु पळी अद्याप वाढणाऱ्याच्याच हातीं होती. वांटा किती, केव्हां व कोणास, हें ठरविण्याचा अधिकार गांवाला नव्हता.

तो अधिकार २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें दिला. या कायद्यानें आपल्या परंपरागत वनाचें रक्षण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क ग्रामसभेस मिळाला, आणि बांबू, तेंदू, मध, मोह इत्यादि गौण वनोपजाची मालकीहि. हा हक्क देशांत सर्वांत आधीं ज्या गांवांस मिळाला, त्यांत गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) हें जेमतेम शंभरएक घरांचें गोंड गांव आहे. २००९ सालीं त्याच्या नांवें सुमारें १८०९ हेक्टर वनाचा हक्क लागला.

परंतु मेंढ्याची हकीकत कायद्यापासून सुरू होत नाहीं, आणि हीच तिच्यांतली शिकण्यासारखी गोष्ट आहे. १९८० नंतर गोदावरीच्या खोऱ्यांतील मोठ्या धरणांविरुद्ध जें 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झालें, त्यांतून हें गांव जागें झालें. देवाजी तोफा हे तेथील पुढारी. मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे सहकारी. गांवानें दोन नियम केले. निर्णय बहुमतानें न घेतां सर्वसंमतीनें घ्यावयाचा. एकाचेंहि मन वळत नसेल तर थांबावयाचें. आणि निर्णयापूर्वीं अभ्यासगटांत बसून विषय समजावून घ्यावयाचा. मग दारूबंदी झाली, वनाची आळीपाळीनें राखण सुरू झाली, मधमाश्या न मारतां मध काढण्याची रीत शोधली गेली. कायदा आला तेव्हां गांव तयार होतें. तरीहि बांबू हें गवत कीं झाड, तो विकण्याचा अधिकार कोणाचा, यावर वाद राहिलाच. अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः मेंढ्यांत आले आणि वाहतूक-परवान्यांचें पुस्तक त्यांनीं ग्रामसभेच्या हवालीं केलें. एक लहानसें पुस्तक तें. पण त्यासाठीं १८७८ पासूनचा काळ जावा लागला. त्यानंतर ग्रामसभेनें आपला बांबू आपण विकला, लाखो रुपये गांवाच्या खात्यांत आले, आणि तोडणाऱ्यास गांवांतच मजुरी मिळाली.

हक्क मिळाला कीं लोक ओरबाडतील, अशी भीति शहाणीसुरतीं माणसें नेहमीं व्यक्त करतात. हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६८ सालीं हीच भीति सिद्धांताच्या रूपानें मांडली : जें सर्वांचें, त्याचा नाश ठरलेला. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीनें जगांतील अनेक ठिकाणचीं कुरणें, कालवे व वनें तपासून दाखविलें कीं असें घडतेंच असें नाहीं. मर्यादा स्पष्ट असतील, नियम लोकांनीं स्वतः केलेले असतील आणि त्यांवर देखरेख असेल, तर सामाईक संपत्ति पिढ्यान् पिढ्या टिकते. तिला अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें तें २००९ सालीं, म्हणजे मेंढ्याला हक्क मिळाला त्याच वर्षीं. चंद्रपूर जिल्ह्यांतील पाचगांवनें तर त्याहून पुढचें पाऊल टाकलें. वनहक्क मिळाल्यावर तेथील ग्रामसभेनें तेंदूपत्ता तोडणेंच बंद केलें. कारण त्यासाठीं फांद्या छाटल्या जातात आणि रानाला आगी लावल्या जातात. हातांत येणारा पैसा गरीब गांवानें आपण होऊन सोडला, कां कीं बांबूचें उत्पन्न व वनाचें भवितव्य हीं दोन्ही आतां त्याचींच होतीं.

आपण म्हणाल, तीं दाट अरण्यांचीं गांवें. बीडच्या खडकावर राखावयाचें काय? याचें उत्तर आमच्या शेजारींच आहे. पूर्वीच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें आमच्यासारखेंच पर्जन्यछायेंतलें गांव. उघडे डोंगर, कोरड्या विहिरी, दारूच्या भट्ट्या, आणि पोटासाठीं गांव सोडणारीं माणसें. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार तेथें सरपंच झाले. गांवानें चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन व श्रमदान हीं व्रतें घेतलीं. वनखात्याच्या उजाड डोंगरावर चर खणले, झाडें लावलीं, गुरें मोकळीं सोडणें थांबविलें. पण रान कुलूपबंद केलें नाहीं. ज्याला गवत हवें त्यानें ठरलेली रक्कम भरून विळ्यानें कापून न्यावें, अशी मोकळीक ठेविली. गवत आलें म्हणून दूध आलें. डोंगरानें पाणी धरलें म्हणून विहिरींना पाझर फुटले. आणि तें पाणी पुन्हां उपसलें जाऊं नये म्हणून शेतीसाठीं विंधनविहिरी व ऊस यांवर गांवानें स्वतःच बंदी घातली. बाहेर गेलेलीं कुटुंबें परत आलीं. येथील वनजमीन खात्याचीच राहिली, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. पण गवताचा नियम गांवाचा होता आणि गवतहि गांवाच्याच गोठ्यांत जात होतें.

आतां पुन्हां बालाघाटाकडे येऊं. या खडकाळ उतारांवर सीताफळाचें झाड कोणी न लावतां उगवतें. त्याला पाणी घालावें लागत नाहीं आणि त्याच्या पाल्याला शेळीहि तोंड लावीत नाहीं. बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. फळ पिकतें तें दसरा-दिवाळीच्या सुमारास, म्हणजे नेमका ज्या वेळीं ट्रक वेशीपाशीं येतो त्या वेळीं! डोंगरावरचें फळ टोपलींतून रस्त्याच्या कडेला मातीमोल विकावें आणि कोयता घेऊन निघावें, असेंच आजवर चालत आलें आहे. डोंगर राखणारें, गवत व फळ यांचा हिशेब ठेवणारें आणि गर काढून विकण्याची सोय करणारें गांव उभें राहिलें, तर सगळे कोयते थांबतील असें मी म्हणत नाहीं. कांहीं थांबतील. वर्गांतले कांहीं बांक भरतील. एका जुन्या मास्तराला तेवढेंहि पुष्कळ आहे.

वनहक्क कायदा हा केवळ आदिवासींसाठीं नाहीं. १३ डिसेंबर २००५ पूर्वींच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षें, जे वनाच्या आश्रयानें राहिले, त्या इतर परंपरागत वनवासींनाहि तो लागू आहे. हिशेब केला तर ही मर्यादा १९३० पर्यंत जाते. योगायोगानें पुसद व चिरनेरचें तेंच वर्ष. जुन्या दप्तरांबरोबरच वृद्धांची लिहून घेतलेली जबानी हाहि या कायद्यानें पुरावा मानला आहे. आपली गुरें कोणत्या डोंगरावर चरत, कुरणाची शींव कोठून जाई, देवाचें रान कोणतें, हें आपल्या वडिलांकडून ऐकलेले म्हातारे अजून पारावर बसलेले आहेत. दर वर्षीं त्यांतला एखादा कमी होतो. त्यांचें सांगणें कागदावर उतरवून घेणें हें काम वकिलाचें नाहीं. गांवांतल्या कोणत्याहि लिहित्यावाचत्या मुलाचें आहे, आणि तें पावसाळ्यांत, माणसें गांवांत असतांनाच, झालें पाहिजे.

शहरांतील श्रोत्यांचा याच्याशीं काय संबंध, असें कोणास वाटेल. सकाळच्या चहांत आपण जी साखर घालतां, तिच्यासाठीं ऊस तोडणारे हात याच उघड्या डोंगरांनीं आपल्याकडे धाडले आहेत. रान राखावें असें म्हणणारा वर्ग शहरांत मोठा आहे आणि त्याचा हेतु शुद्ध आहे. त्यानें एवढेंच आणखी विचारावें, कीं हें रान राखणार कोण, आणि राखणाऱ्याच्या ताटांत पडणार काय? दीडशें वर्षांपूर्वीं सरकारनें पहिला प्रश्न विचारला आणि दुसरा सोडून दिला. त्या सुटलेल्या प्रश्नाची किंमत रानानेंहि दिली आणि माणसांनींहि.